मोटारीच्या मागच्या स्प्रिंगा



मोटारगाडी रस्त्याला चिकटल्यासारखी दिसावी, तिचा मागचा भाग खालीं बसावा आणि चाकाचा वरचा कांठ मडगार्डाच्या आंत अर्धवट लपावा, अशी हौस अलीकडे पुष्कळ तरुणांना वाटूं लागली आहे. हौसेला मोल नसतें, हें खरें; आणि ज्यानें आपल्या पैशानें गाडी घेतली त्यानें ती कशी दिसावी हें ठरवावें, ह्यांतही मला कांहीं गैर वाटत नाहीं. परंतु ही हौस पुरविण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणून जो सांगितला जातो, तो असा कीं, मागची स्प्रिंग काढावयाची आणि तिचा एक वेढा कापून टाकावयाचा. अर्ध्या दिवसाचें काम व थोडकी मजुरी. ह्या एका वेढ्याबरोबर आणखी काय काय कापलें जातें, तें आज आपणांस सांगण्याचा विचार आहे. विषय यंत्रशाळेचा वाटला तरी त्यांतील गणित त्रैराशिकाच्या फारसें पलीकडे जात नाहीं. आणि ज्यांच्यापाशीं मोटार नाहीं, त्यांनाही दुसऱ्याच्या मोटारींत मागच्या बाकावर बसण्याचा प्रसंग येतोच.

ह्या हौसेचें माहेर अमेरिकेंत, कॅलिफोर्निया संस्थानांत आहे. दुसरें महायुद्ध संपल्यावर लॉस एंजलिस शहरांतील मेक्सिकन वंशाच्या तरुणांनीं जुन्या शेव्हरोले गाड्या स्वस्तांत घेऊन त्या रंगविण्यास व खालीं बसविण्यास सुरुवात केली. आरंभीं त्यांची युक्ति अगदीं साधी होती. गाडीच्या डिकींत वाळूचीं पोतीं भरावयाचीं. भार वाढला कीं स्प्रिंग दबते आणि गाडी खालीं बसते. पुढें कोणी स्प्रिंगचे वेढे कापले, कोणी आंस आणि पाटे ह्यांच्या मध्यें ठोकळे घातले. इतर तरुण आपल्या गाड्या वेगासाठीं सजवीत. हे मात्र सावकाश मिरविण्यासाठीं सजवीत, आणि सगळ्यांनीं पाहावें म्हणून मुद्दाम हळू चालवीत. १९५८ सालीं तेथें असा कायदा लागू झाला कीं, फेरफार केलेल्या मोटारीचा चाकाखेरीज कोणताही भाग रिमच्या खालच्या कडेपेक्षां खालीं असतां कामा नये. ह्या नियमामागचें शहाणपण सहज समजण्यासारखें आहे. टायर फुटलें तर गाडी रिमवर टेकते. त्या वेळीं रिमच्या खालीं लोंबणारा भाग रस्त्यावर आपटणार व गाडी भलतीकडे ओढली जाणार. कायदा झाला तशी पळवाटही निघाली. रॉन अ‍ॅग्विरे नांवाच्या तरुणानें १९५९ च्या सुमारास आपल्या कॉर्व्हेट गाडीला विमानांतील द्रवदाबाचे पंप बसविले. एक कळ दाबली कीं गाडी खालीं बसे, आणि पोलीस दिसला कीं दुसऱ्या कळीनें उठून उभी राही! तो कायदा २०२४ च्या आरंभापासून रद्द झालेला आहे. परंतु एक गोष्ट विसरूं नये. त्या लोकांच्या गाड्या सपाट शहरी रस्त्यावर, मनुष्याच्या चालीनें मिरविण्याकरितां होत्या. आपल्याकडे जो तरुण गाडी खालीं बसवितो, तो त्याच गाडींतून घरच्या मंडळींना घेऊन घाट उतरतो.

आतां मूळ विषयाकडे वळूं. बैलगाडीला स्प्रिंग नसते. चाक दगडावर चढलें कीं आंस, आंसाबरोबर सबंध गाडी आणि गाडीबरोबर आंत बसलेलीं माणसें, सगळीं तितक्याच उंचीनें वर फेकलीं जातात. इंग्लंडांत ओबडाया इलियट नांवाच्या कारागिरानें १८०४ सालीं पोलादी पाट्यांच्या कमानींवर घोडागाडीचा सांगाडा बसविण्याचें पेटंट घेतलें, आणि तेव्हांपासून चाकानें धक्का खावा व मनुष्यानें तो फारसा खाऊं नये, अशी वांटणी झाली. ह्या वांटणीचा नियम मात्र त्याच्या सव्वाशें वर्षें आधीं, १६७८ मध्यें, रॉबर्ट हूक ह्या शास्त्रज्ञानें सांगून ठेवला होता: जितका भार, तितका ताण. भाजीवाल्याच्या स्प्रिंगच्या कांट्यावर एक किलोला कांटा जेवढा उतरतो, त्याच्या दुप्पट तो दोन किलोला उतरतो. मोटारीची स्प्रिंग ताणली जात नाहीं, दबते. एवढाच काय तो फरक.

म्हणजे स्प्रिंगला कामें दोन. एक, गाडीचा भार उचलून धरणें. दुसरें, खड्डा किंवा उंचवटा आला कीं त्याचा धक्का पोटांत घेणें. गाडीची उंची पहिल्या कामांतून ठरते. परंतु उंची बदलूं लागलें कीं दुसऱ्या कामावर गदा येते, आणि तीच नेमकी डोळ्यांना दिसत नाहीं.

मागच्या स्प्रिंगा मुख्यतः दोन जातींच्या. एक पाट्यांची, दुसरी वेढ्यांची. मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सीला मागें पाटे असत. ती टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्यें रस्त्यावरून निवृत्त झाली. २०१४ पर्यंत तयार होत असलेली अँबॅसडरही मागें पाट्यांवरच बसलेली असे. मालमोटारींना ते अद्यापि असतात, आणि मोडल्यावर लोहाराच्या भट्टींत जाऊन त्यांचे उत्तम कोयते होतात, हें ग्रामीण श्रोत्यांना ठाऊक आहेच. हल्लींच्या लहान मोटारींत मात्र मागें बहुधा वेढ्यांची स्प्रिंग असते.

वेढ्यांच्या स्प्रिंगविषयीं एक गंमत सांगण्यासारखी आहे. ती दाबली म्हणजे तिची तार वांकते, असें दिसतें. पण खरें पाहतां तार वांकत नसून तिला पीळ बसतो. वेढ्यांची स्प्रिंग ही गुंडाळून ठेवलेली एक लांब पोलादी सळई आहे, आणि गाडीचा भार त्या सळईला पिळीत असतो. नऊवारी लुगडें पिळतांना जेवढे वळसे सहज बसतात, तेवढेच वळसे हातभर पंच्याला घालूं गेल्यास मनगटें दुखतात. लांबी कमी झाली कीं पीळ घालणें कठीण. म्हणून वेढा कापला कीं स्प्रिंग नुसती आंखूड होत नाहीं, ती कडकही होते. आठ वेढ्यांपैकीं एक कापल्यास राहिलेली स्प्रिंग आठ-सप्तमांश पट, म्हणजे शेंकडा चौदांनीं कडक होते. तारेच्या जाडीचा परिणाम तर ह्याहून विलक्षण आहे. जाडी शेंकडा दहांनीं वाढविली तर कडकपणा जवळजवळ शेंकडा शेहेचाळीसांनीं वाढतो, कारण तो जाडीच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणांत असतो. दिसायला सारख्या दोन स्प्रिंगा स्वभावानें अगदीं निराळ्या असूं शकतात, त्या ह्यामुळें.

आतां एक उदाहरण सोडवूं. आंकडे सोयीचे घेतले आहेत, तरी लहान मोटारीच्या बाबतींत ते अवास्तव नाहींत. मागच्या एका स्प्रिंगवर २४० किलो भार आहे. ती एक सेंटिमीटर दाबण्यास २० किलो लागतात. मोकळी असतांना तिची लांबी ३६ सेंटिमीटर असून तिला काम करणारे आठ वेढे आहेत. टोकांचे बसके वेढे हिशेबांतून सोडून देऊं. २४० ला २० नें भागलें, १२ आले. म्हणजे गाडी बसविल्यावर ती १२ सेंटिमीटर दबून २४ सेंटिमीटरांची होते. आतां एक वेढा कापला. मोकळेपणीं एका वेढ्याचा वांटा साडेचार सेंटिमीटर. तेव्हां लांबी राहिली साडेएकतीस. गाडी साडेचार सेंटिमीटर खालीं येईल काय? नाहीं. स्प्रिंग कडक झाल्यामुळें तोच भार तोलण्यास तिला आतां साडेदहा सेंटिमीटरच दबावें लागतें. साडेएकतीसांतून साडेदहा गेले, उरले २१. गाडी खालीं आली ती फक्त तीन सेंटिमीटर.

ह्यावरून एक सोपा नियम निघतो. भाराखालीं दबलेल्या स्थितींत एका वेढ्यानें जेवढी जागा व्यापलेली असते, तेवढीच गाडी एक वेढा कापल्यानें उतरते. २४ भागिले ८, तीन. कारागीर पुष्कळदां माप घेतो तें मोकळ्या स्प्रिंगचें. मग गाडी हवी तेवढी उतरली नाहीं म्हणून आणखी अर्धा वेढा कापतो. उलटही होतें. कांहीं गाड्यांत स्प्रिंग चाकावर उभी नसून चाक धरणाऱ्या दांड्याच्या मधल्या भागावर असते. दांड्याच्या दोन-तृतीयांश अंतरावर ती असेल, तर स्प्रिंगच्या ठिकाणचे तीन सेंटिमीटर म्हणजे चाकापाशीं साडेचार होतात, आणि गाडी अपेक्षेपेक्षां जास्त बसते. कापलेला तुकडा पुन्हां जोडतां येत नाहीं.

इथपर्यंत प्रश्न फक्त दिसण्याचा झाला. खरा प्रश्न पुढेंच आहे. आंस व गाडीचा तळ ह्यांच्यामध्यें एक रबरी ठोकळा बसविलेला असतो. धक्का फार मोठा आला तर पोलादावर पोलाद आपटूं नये, म्हणून. मूळच्या गाडींत ह्या ठोकळ्यापर्यंत आठ सेंटिमीटर मोकळी जागा होती, असें धरा. गाडी तीन सेंटिमीटर उतरली, तेव्हां पांच उरले. धक्का पोटांत घेण्याची स्प्रिंगची शक्ति मोजावयाची, तर ह्या मोकळ्या अंतराला सरासरी जोरानें गुणावयाचें. पूर्वीं आठ सेंटिमीटर व सरासरी ८० किलो, गुणाकार ६४०. आतां पांच सेंटिमीटर व सरासरी सुमारें ५७ किलो, गुणाकार २८६. स्प्रिंग कडक झाली, तरी तिची धक्का पचविण्याची शक्ति निम्म्याहून कमी झाली. एक वेढा, आठांतला एक. पण शक्ति गेली ती अर्ध्याहून अधिक.

आणि हा हिशेब मागचा बाक रिकामा असतांनाचा आहे. मागें साठसाठ किलोंचीं तीन माणसें बसलीं, म्हणजे प्रत्येक बाजूच्या स्प्रिंगवर ९० किलो वाढले. मूळची स्प्रिंग ह्या भारानें साडेचार सेंटिमीटर दबून धक्क्यासाठीं साडेतीन शिल्लक ठेवी. कापलेली स्प्रिंग चार सेंटिमीटरांच्या जवळपास दबते, आणि पांचांपैकीं शिल्लक राहतो जेमतेम एक. एवढ्याशा जागेंत रस्त्यावरचा कोणता खड्डा मावणार?

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें आपली लहान मोटार अशीच खालीं बसवून घेतली होती. एकटा चालवी तेव्हां ती त्याला अधिकच चपळ वाटे, आणि वळणावर कमी कलते म्हणून तो मोठ्या अभिमानानें सांगे. त्यांत खोटें कांहीं नव्हतें. पुढें सुटींत वडील, आई व मावशी ह्यांना मागें बसवून तो गांवीं निघाला. संध्याकाळच्या अंधुक उजेडांत एक रंग न दिलेला गतिरोधक त्याला उशिरां दिसला. वेग कांहीं भयंकर नव्हता. परंतु गाडीचा सबंध भार रबरी ठोकळ्यावर आदळला, आणि तेथून जो हिसका निघाला तो थेट मागच्या बाकांत गेला. वडिलांच्या कण्याचा एक मणका दबला. सहा आठवडे त्यांना अंथरुणांतून उठतां आलें नाहीं. पुढें बसलेल्या मुलाला कांहींच झालें नव्हतें. मला भेटला तेव्हां तो एकच वाक्य पुन्हां पुन्हां म्हणत होता, "गुरुजी, एक वेढाच तर कापला होता!" वर सांगितलेला हिशेब मीं त्या दिवशीं त्याच्यासाठींच एका पाकिटाच्या पाठीवर करून दाखविला होता.

मग अंतर कमी झालें तर स्प्रिंग पुरेशी कडक कां करूं नये, असें कोणी विचारील. करतां येते. आठ सेंटिमीटरांत होत होतें तें काम पांचांत करावयाचें तर स्प्रिंग मूळच्या अडीच पटींहून थोडी अधिक कडक हवी. परंतु त्याची किंमत निराळ्या रीतीनें द्यावी लागते. स्प्रिंगवर बसलेली गाडी वरखालीं डुलते, ती एखाद्या लोलकाप्रमाणें. आणि भारानें स्प्रिंग जितकी दबते तितक्याच लांबीच्या दोऱ्याचा लोलक तिच्याशीं ताल धरतो. १२ सेंटिमीटर दबणारी स्प्रिंग मिनिटाला सुमारें ८६ झोके घेते. मनुष्य रमतगमत चालतांना ज्या गतीनें पावलें टाकतो, त्याच्या जवळपासची ही गति, आणि ती शरीराला सोसते. अडीच पट कडक स्प्रिंग मिनिटाला १३८ झोके देईल. ज्यांना ह्याची प्रचीति हवी असेल त्यांनीं रिकाम्या मालमोटारीच्या मागच्या भागांत बसून एक तास प्रवास करावा. शर्यतीच्या गाडींत हें चालतें. तेथें बसणारा एकच असतो व तो तरणा असतो.

शॉक अ‍ॅब्सॉर्बर, ज्याला गॅरेजांत शॉकअप म्हणतात, त्याचें काम हे झोके आंवरणें. तो मूळच्या स्प्रिंगच्या स्वभावाशीं जुळवून दिलेला असतो. स्प्रिंग फार कडक केली आणि शॉकअप जुनाच ठेवला, तर तो तिला आंवरूं शकत नाहीं. ह्याखेरीज त्याचें आणखी एक काम आहे, तें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. गाडी जॅकनें उचलली, किंवा चाक एखाद्या खोल खड्ड्यावर अधांतरीं राहिलें, म्हणजे आंस खालीं लोंबतो. किती लोंबावयाचा तें बहुधा शॉकअपच्या लांबीनें ठरतें. आपल्या उदाहरणांत लोंबलेल्या स्थितींत स्प्रिंगसाठीं ३३ सेंटिमीटर जागा होत असेल, तर मूळची ३६ सेंटिमीटरांची स्प्रिंग तेथेंही किंचित् दबलेली, म्हणून घट्ट राहते. साडेएकतीसांची मात्र दीड सेंटिमीटर सैल होऊन आपल्या खोबणींत खडखडूं लागते, आणि कधीं कधीं खोबणींतून सरकते. त्यांतून कापलेलें टोक सपाट नसतें. कारखान्यांत स्प्रिंगचा शेवटचा वेढा मुद्दाम मिटवून बसका केलेला असतो. कापणारा नेमका तोच काढून टाकतो.

कापण्यापेक्षांही वाईट अशी एक रीत आहे. स्प्रिंग गाडीवरच ठेवून तिच्या एकदोन वेढ्यांना गॅसची ज्योत लावावयाची. पोलाद लाल झालें कीं भारानें वेढे आपोआप बसतात व गाडी खालीं येते. स्प्रिंगचें पोलाद प्रथम तापवून एकदम थंड करतात, त्यामुळें तें कठीण पण ठिसूळ होतें. नंतर तें पुन्हां सुमारें ४०० ते ५०० अंशांपर्यंत बेतानें तापवून त्याला लवचिकपणा आणतात. हें पाणी देण्याचें काम मोठ्या मापाचें व जपणुकीचें असतें. गॅसची ज्योत ३००० अंशांच्या वर जाते. तिच्यापुढें हें पाणी क्षणांत उतरतें. लाल झालेला वेढा सावकाश निवला तर मऊ पडून दिवसेंदिवस बसत जातो. घाईनें त्यावर पाणी ओतलें तर कांचेसारखा ठिसूळ होऊन एखाद्या धक्क्यासरशीं मोडतो. दोन्ही बाजू सारख्या तापल्या असतील ह्याचा भरंवसा नाहींच. ज्याला कापावयाचेंच आहे, त्यानें निदान फिरत्या चाकाच्या कटरनें, पाणी मारीत कापावें. ज्योत लावूं नये, हें मी निक्षून सांगतों.

गाडीच्या मागच्या भागाच्या उंचीवर आणखीही दोन गोष्टी अवलंबून असतात. पहिली ब्रेकची. ब्रेक दाबला कीं गाडीचा भार पुढें झुकतो व मागचीं चाकें हलकीं होतात. म्हणून मागच्या ब्रेकला कमी जोर द्यावा लागतो. परंतु मागें ओझें असेल तर जास्त जोर चालतो. हें ओळखण्याकरितां कांहीं मोटारींत एक झडप असते. तिचा एक दांडा आंसाला जोडलेला असतो. गाडीचा तळ आंसाजवळ आला, कीं मागें ओझें आहे असें समजून ती झडप मागच्या ब्रेकला अधिक दाब सोडते. स्प्रिंग कापून गाडी खालीं आणली, तर बिचाऱ्या झडपेला वाटतें कीं डिकींत तांदळाचीं पोतीं आहेत. पोतीं तर नाहींत. ओल्या रस्त्यावर जोरानें ब्रेक दाबतांच हलकीं असलेलीं मागचीं चाकें अडकतात. अडकलेल्या चाकाची बाजूची पकड सुटते, आणि गाडीची शेपटी पुढें येऊं पाहते. घाटाच्या वळणावर हें झालें तर काय होईल, तें मी वर्णन करीत नाहीं. नव्या गाड्यांत हें काम बहुधा विजेच्या यंत्रणेकडे गेलें आहे. परंतु खालीं बसविल्या जातात त्या गाड्या पुष्कळदां जुन्याच असतात. अशी झडप असल्यास तिचा दांडा नव्या उंचीप्रमाणें पुन्हां जुळवून घेणें आवश्यक आहे.

दुसरी गोष्ट दिव्यांची. मागचीं व पुढचीं चाकें ह्यांत २४० सेंटिमीटर अंतर आहे आणि फक्त मागची बाजू तीन सेंटिमीटर उतरली, तर गाडीचें तोंड ऐंशींत एक ह्या प्रमाणानें वर झालें. पन्नास मीटरांवर दिव्याचा झोत पूर्वींपेक्षां बासष्ट सेंटिमीटर वर जातो. खालीं रोखलेला झोत मुळांतच शंभरांत एकाच्या आसपास उतरता ठेवलेला असतो; तो उतार सगळा खर्च झाला, आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत प्रकाश गेला. त्याला गाडी खालीं आहे कीं वर, ह्याच्याशीं कांहीं कर्तव्य नाहीं. त्याला रस्ता दिसत नाहीं.

पाट्यांच्या गाडीविषयीं थोडक्यांत सांगतों. जेथें आंस पाट्यांच्या वर बसलेला आहे, तेथें दोहोंच्या मध्यें पोलादी ठोकळा घालून लांब यू बोल्टांनीं आवळतां येतें. ठोकळ्याच्या उंचीइतकी गाडी खालीं येते व पाट्यांचा कडकपणा बदलत नाहीं. ही चांगली बाजू. मात्र पाटे आंसाच्या वर असतील तर हाच ठोकळा गाडी खालीं न आणतां वर उचलतो, हें आधीं वांकून पाहावें. ठोकळा लांकडाचा कधींही नसावा, आणि एकावर एक असे दोन तर नकोतच. कारण गाडी सुटतांना व थांबतांना आंस पाट्यांना पिळतो, आणि ठोकळा जितका उंच तितका त्या पिळण्याला हात लांब मिळतो. दुसरी रीत म्हणजे पाट्यांची कमान कारखान्यांत दाबून कमी करून आणणें. एखादा पाटा काढून टाकल्यानेंही गाडी बसते, परंतु ती अशक्तपणामुळें बसते. मग उरलेले पाटे आपल्या वांट्याहून अधिक भार सोसतां सोसतां लवकर मोडतात.

न कापतां, न तापवितां गाडी खालीं आणण्याची एक सुरेख सोय फर्डिनांड पोर्शे ह्यांच्या फोक्सवॅगन बीटल गाडींत होती. ती गाडी २००३ पर्यंत मेक्सिकोंत तयार होत होती. तिला मागें वेढे नव्हते, पाटे नव्हते. आडवी बसविलेली एक सरळ पोलादी सळई पीळ खाऊन भार तोली. सळईच्या आंतल्या टोकाला ४० दांते व बाहेरच्या टोकाला ४४. आंतलें टोक एक दांता फिरविलें तर नऊ अंश. बाहेरचें उलट दिशेनें एक दांता फिरविलें तर आठ अंश अकरा कला. वजाबाकी सुमारें एकुणपन्नास कला, म्हणजे एक अंशाहूनही कमी! चाकाचा दांडा ४० सेंटिमीटर धरला तर एवढ्यानें चाक अर्ध्या सेंटिमीटरापेक्षां थोडेंच अधिक हलेल. दोन निराळ्या मापांच्या फरकांतून बारीक माप काढण्याची ही युक्ति आपण शाळेंत व्हर्नियरच्या पट्टीवर शिकतों, तीच. स्प्रिंगचा कडकपणा तसाच राहून उंची तेवढी बदलते. रबरी ठोकळ्यापर्यंतचें अंतर मात्र येथेंही कमी होतेंच, आणि चाकांचीं डोकीं आंत कललीं कीं टायर आंतल्या कडेला झिजतात. अंतराचा हिशेब कोणत्याही युक्तीनें चुकवितां येत नाहीं.

आतां ज्याला गाडी थोडी खालीं आणावयाचीच आहे, त्यानें काय करावें? त्याच गाडीकरितां आंखूड करून, योग्य जाडीच्या तारेच्या व पाणी नीट दिलेल्या तयार स्प्रिंगा मिळतात, त्या घ्याव्या. नेहमीं जोडीनें बदलाव्या. कांहींचे वेढे एका बाजूला दाट व दुसऱ्या बाजूला विरळ असतात. दाट वेढे आधीं मिटतात व मग स्प्रिंग कडक होत जाते, म्हणून त्या थोड्या जागेंत अधिक धक्का पचवितात. बरोबर आंखूड शॉकअप घ्यावे. तीन सेंटिमीटरांच्या पुढें जाऊं नये, असें माझें मत आहे. आणि मागच्या बाकावर नेहमीं माणसें बसत असतील तर तेवढेंही करूं नये. रस्ते-परिषदेच्या नमुन्याप्रमाणें गतिरोधक १० सेंटिमीटर उंच व ३.७ मीटर रुंद असावा. असल्या उंचवट्यावर चारही चाकें एकदम चढतात, आणि दोन चाकांच्या मधल्या भागाला जमिनीपासूनच्या अंतरांतले सुमारें चारच सेंटिमीटर द्यावे लागतात. परंतु आपल्या गांवोगांवीं लोकांनीं रातोरात घातलेले जे अरुंद बांध आहेत, ते आपली सगळी उंची गाडीच्या पोटाकडून वसूल करतात.

कायद्याकडेही पाहावें लागतें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें, नोंदणीपत्रांत कारखान्यानें दिलेला जो तपशील आहे त्याच्याशीं विसंगत होईल असा फेरफार मालकाला करतां येत नाहीं, आणि जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें ह्या कलमाचा कडक अर्थ लावला आहे. तेव्हां नोंदणी कार्यालयांत आधीं विचारावें व विमा कंपनीला लेखी कळवावें.

काम करतांना गाडी नुसत्या जॅकवर ठेवूं नये. भक्कम घोड्यांवर ठेवून मग आंस सावकाश उतरवावा. आपल्या उदाहरणांतील दबलेल्या स्प्रिंगमध्यें सांठलेली शक्ति चौदा किलोंचा धोंडा एक मीटरावरून पडावा, एवढी असते. ती सुटली तर प्रथम तोंडावर येते. काम झाल्यावर डावीउजवीकडची उंची आंसाच्या मध्यापासून मडगार्डापर्यंत मोजून लिहून ठेवावी. पाट्यांचे यू बोल्ट चारपांचशें किलोमीटर चालविल्यावर पुन्हां आवळावे. मागच्या बाकावर तीन माणसें बसवून रबरी ठोकळ्यापर्यंत किती अंतर उरलें तें हाताच्या बोटांनीं पाहावें; दोन बोटें आडवीं शिरत नसतील, तर जुन्या स्प्रिंगा परत घालाव्या. म्हणून जुन्या स्प्रिंगा भंगारांत देऊं नयेत. दिव्यांसाठीं सपाट जागीं गाडी भिंतीपासून पांच मीटरांवर उभी करावी, दिव्याच्या मध्याएवढ्या उंचीवर भिंतीवर खडूनें आडवी रेघ ओढावी, आणि खालीं रोखलेल्या झोताची वरची कड त्या रेघेच्या चारपांच सेंटिमीटर खालीं येईपर्यंत दिव्याचा स्क्रू फिरवावा.